ताट गोल दिसेपर्यंत: व्हिडिओ लहान-मोठा करताना चित्राचा आकार कसा सांभाळावा

२००३ साली कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात माझ्या मावसभावाची मुंज झाली. त्या मुंजीची मिनी डीव्ही कॅसेट मावशीने कपाटात, साड्यांच्या घडीखाली, वीस वर्षं जपून ठेवली होती. मध्यंतरी तिने ती डिजिटल करून आणली आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. मातृभोजन सुरू झालं. व्हिडिओवाल्याने स्टुलावर चढून बरोबर वरून शॉट घेतला होता, आणि मधोमध ठेवलेलं चांदीचं ताट लंबगोल दिसत होतं. शेजारी बसलेली आजी आयुष्यभर किरकोळ अंगाची. टीव्हीवर ती चांगली आडवी दिसत होती. मावशी एवढंच म्हणाली, "आई अशी नव्हती गं."

आजीचं हलतंबोलतं चित्र आमच्याकडे तेवढंच आहे. मी कॅसेट घरी आणली आणि सगळं पहिल्यापासून स्वतः केलं. मग नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या लोकांच्या व्हीएचएस, व्हीसीडी, डीव्हीडी आणि मोबाइलमधल्या फाइली येत गेल्या. बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो. फाइल किती पिक्सेल रुंद आणि किती उंच आहे ते सगळे बघतात, पण त्यातला एकेक पिक्सेल कोणत्या आकाराचा आहे हे कुणी विचारत नाही. पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे.

आधी तीन आकडे

मुंजीच्या कॅसेटमधून निघालेली फाइल ७२० × ५७६ पिक्सेलची होती. ७२० ला ५७६ ने भागा, उत्तर १.२५ येतं. पण तेव्हाचा टीव्ही ४:३ होता, म्हणजे १.३३. मग १.२५ चं चित्र १.३३ च्या पडद्यावर नीट कसं बसायचं? त्यातला पिक्सेल चौरस नसतो, उंचीपेक्षा किंचित रुंद असतो, म्हणून.

म्हणजे आकडे तीन. साठवलेल्या चौकटीचं गुणोत्तर, एका पिक्सेलचं गुणोत्तर आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या चित्राचं गुणोत्तर. पहिल्याला दुसऱ्याने गुणलं की तिसरं मिळतं. कोणतेही दोन माहीत असले की उरलेलं एक काढता येतं.

नावांचा एक गोंधळ इथेच मिटवून घ्या. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलच्या गुणोत्तराला 'सार' आणि दिसणाऱ्या गुणोत्तराला 'डार' म्हणतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलच्या गुणोत्तराला 'पार' म्हणतात. काही ठिकाणी 'सार' हा शब्द साठवलेल्या चौकटीसाठीही वापरलेला आढळतो. म्हणून मी या लेखात पिक्सेलसाठी 'पार' आणि दिसणाऱ्या चित्रासाठी 'डार' एवढंच म्हणते.

पिक्सेल असा का, याचं उत्तर १९८२ च्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे. ६२५ ओळींची युरोपी पद्धत आणि ५२५ ओळींची अमेरिकी पद्धत, दोन्हींना चालेल असा नमुने घेण्याचा एकच वेग ठरवायचा होता. तो ठरला १३.५ मेगाहर्ट्झ, आणि दोन्हीकडे प्रत्येक ओळीत ७२० नमुने धरले गेले. आपल्याकडे पाल पद्धत होती. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याच्या गच्च्यांवरच्या अँटेनांत उतरणारं दूरदर्शनचं चित्र ६२५ ओळींचंच. त्यातल्या ५७६ ओळींत चित्र असतं आणि प्रत्येक ओळीत चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. १३.५ ला ५२ ने गुणलं की ७०२ येतात, ७२० नव्हे. उरलेले नमुने दोन्ही कडांना सोडलेली मोकळी जागा.

यातूनच दोन हिशेब जन्माला आले. एका हिशेबात ७०२ च्या जवळच्या ७०४ पिक्सेलमध्ये ४:३ चं चित्र धरतात आणि पार १२:११ येतो. दुसऱ्यात पूर्ण ७२० लाच ४:३ मानतात आणि पार १६:१५ येतो. दोघांत सव्वादोन-अडीच टक्क्यांचा फरक आहे. तो डोळ्याला सहसा कळत नाही, आणि त्यावरून रात्र जागवायची गरज नाही. मी व्हीएचएस आणि कॅमेऱ्याच्या कॅसेटींना १२:११ धरून सुरुवात करते आणि शेवटचा निकाल चित्रातल्या गोल वस्तूवर सोडते. मुंजीच्या कॅसेटमध्ये १२:११ नेच ताट गोल आलं.

रोज लागणारे आकडे असे:

- पाल ४:३, ७२० × ५७६: कडांचे ८-८ पिक्सेल कापून ७०४ × ५७६, आणि चौरस पिक्सेलमध्ये ७६८ × ५७६
- पाल १६:९ डीव्हीडी, तीच ७२० × ५७६: चौरस पिक्सेलमध्ये १०२४ × ५७६
- अमेरिकेहून आलेली कॅसेट, ७२० × ४८०: कडा कापून ७०४ × ४८०, चौरस पिक्सेलमध्ये ६४० × ४८०
- पाल व्हीसीडी, ३५२ × २८८: चौरस पिक्सेलमध्ये ३८४ × २८८
- एचडीव्ही कॅमेरा, १४४० × १०८०: चौरस पिक्सेलमध्ये १९२० × १०८०

यादीतल्या पहिल्या दोन ओळी पुन्हा बघा. ७२० × ५७६ ही एकच चौकट ४:३ ही असू शकते आणि १६:९ ही. फरक फक्त फाइलवरच्या चिठ्ठीत, म्हणजे तिच्यासोबत साठवलेल्या गुणोत्तराच्या नोंदीत असतो. अमेरिकेतल्या एडिसनहून आलेली भाच्याच्या बारशाची कॅसेट आणि कर्वे रस्त्यावरची मुंज एकाच सेटिंगवर काढली, तर दोन्हींपैकी एक नक्की बिघडणार.

फाइल तपासा, आणि तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका

मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि फाइल त्यात उघडा. रुंदी, उंची, डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो आणि स्कॅन टाइप या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या दोन ओळी दिसल्या, त्यातली एक 'ओरिजिनल' अशी, तर समजा की फाइलच्या आत एक चिठ्ठी आहे आणि बाहेरच्या डब्यावर दुसरीच. एमपीफोर किंवा एमकेव्ही हा डबा, आतला एच.२६४ किंवा एमपेग-२ हा माल, आणि दोघांवर आपापलं गुणोत्तर लिहिलेलं असू शकतं. ते जुळत नसेल तर लॅपटॉपवर चित्र बरोबर आणि टीव्हीवर वाकडं असा प्रकार होतो. एव्हीआय डब्यात तर हे लिहायची भरवशाची सोयच नाही.

चिठ्ठी काय म्हणते ते कळलं. ती खरं बोलते का, ते चित्रातल्या गोल वस्तूने ठरवा. ताट, भिंतीवरचं घड्याळ, सायकलचं चाक, मिरवणुकीच्या शूटिंगमध्ये ढोलाचं पान. दोन अटी आहेत: वस्तू कॅमेऱ्याच्या अगदी समोर हवी, आणि चौकटीच्या मध्याजवळ हवी, कारण वाइड लेन्स कडेला गोल गोष्टीही ताणते. चित्र थांबवा, पडद्यावर सरळ पट्टी धरा, आडवं आणि उभं माप घ्या. आडव्याला उभ्याने भागा.

- १.३३ च्या आसपास: ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलंय. आजीचं हेच झालं होतं.
- ०.७५ च्या आसपास: १६:९ चं चित्र ४:३ मध्ये दाबलंय.
- ०.९२ ते ०.९४: पाल ४:३ च्या पिक्सेलना चौरस मानलंय.
- १.१० ते १.१२: अमेरिकी पद्धतीच्या पिक्सेलना चौरस मानलंय.

चेहऱ्यावरून ठरवू नका. ताणलेलं चित्र दहा मिनिटं पाहिलं की डोळा त्याला सरावतो आणि मग खरं चित्रच अरुंद वाटायला लागतं. ताटाच्या मापाबाबत असं होत नाही.

फाइलला दोष देण्याआधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या. पिक्चर साइज किंवा तशा नावाचा मेन्यू असतो. तिथे 'वाइड' किंवा 'झूम' लागलेलं असेल तर ते काढून 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' करा. मी दोनदा पूर्ण कॅसेट पुन्हा काढल्यावर लक्षात आलं होतं की गडबड टीव्हीच्या सेटिंगची होती. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं 'ए' दाबत राहिलं की एकेक गुणोत्तर लागत जातं. कोणत्या गुणोत्तरावर ताट गोल होतं ते पाहून ठेवा.

चिठ्ठीच चुकली असेल तर पिक्सेलना हात लावू नका

बऱ्याच फाइलींमध्ये पिक्सेल शाबूत असतात, फक्त गुणोत्तराची नोंद चुकलेली असते. ७२० × ५७६ ची फाइल आहे, ती १६:९ म्हणून दिसते, आणि व्हीएलसीत ४:३ लावताच ताट गोल होतं. अशा फाइलचं पुन्हा एन्कोडिंग करणं, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून साठवणं, म्हणजे विनाकारण दर्जा घालवणं. एमकेव्हीटूलनिक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, व्हिडिओचा ट्रॅक निवडा, अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या खान्यात ४:३ भरा आणि नवीन एमकेव्ही बनवा. एक पिक्सेलही बदलत नाही आणि काम मिनिटभरात होतं. फाइल एच.२६४ असेल तर एफएफएमपेगमध्ये मेटाडेटाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे, त्याने आतल्या मालावरची चिठ्ठीही बदलता येते, तीसुद्धा एन्कोडिंग न करता.

मग सरसकट हेच का करू नये? काही टीव्ही, मोबाइल आणि ऑनलाइन सेवा चिठ्ठी वाचतच नाहीत. पिक्सेल मोजतात आणि चौरस धरून चालतात. आपल्या संग्रहासाठी चिठ्ठी दुरुस्त केलेली मूळ फाइल उत्तम. पण मावशीच्या टीव्हीवर आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जायची फाइल चौरस पिक्सेलचीच करावी.

पिक्सेल बदलायचे तर हा क्रम

क्रम असा: इंटरलेसिंग काढणं, कडा कापणं, आकार बदलणं, पार १:१ नोंदवणं, शेवटी एन्कोडिंग. यातली पायरी मागेपुढे झाली की चित्र बिघडतं, आणि का बिघडलं ते नंतर सापडत नाही.

इंटरलेसिंग आधी का? जुन्या कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रं एकाआड एक ओळींत विणलेली असतात. ती वेगळी न करता उंची बदलली तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि हात हलला की त्याभोवती कंगव्याच्या दात्यांसारखी जाळी कायमची छापली जाते. एफएफएमपेगचा ब्वडिफ किंवा यादिफ फिल्टर वापरा आणि तो सेकंदाला ५० फ्रेम देईल असा लावा, म्हणजे मूळ हालचाल तशीच वाहती राहते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'बॉब' नावाचा पर्याय आहे. डीव्ही कॅसेटमध्ये खालची ओळ आधी असते, डीव्हीडीत सहसा वरची. हे उलटं लागलं तर माणसं चालताना मागेपुढे थरथरल्यासारखी दिसतात.

कडा कापताना सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून इथे थांबून सांगते. व्हीएचएसच्या तळाशी हेड बदलण्याच्या जागेची पांढरी खरखर असते, दहाबारा ओळींची. समजा तुम्ही डावी-उजवीकडून ८-८ पिक्सेल आणि खालून १२ ओळी कापल्या. उरलं ७०४ × ५६४. आता याला "चित्र तर ४:३ चं आहे" म्हणून पुन्हा ४:३ मध्ये बसवलं की चूक झालीच. ४:३ हे पूर्ण ५७६ ओळींचं गुणोत्तर होतं, उरलेल्या तुकड्याचं नव्हे. कापल्याने चौकट बदलते, पिक्सेलचा पार बदलत नाही. म्हणून हिशेब नेहमी पारवरून करा: ७०४ गुणिले १२ भागिले ११, म्हणजे ७६८. चौरस पिक्सेलमध्ये चित्र झालं ७६८ × ५६४, गुणोत्तर १.३६. ते १०८० उंचीवर न्यायचं असेल तर रुंदी येते १४७०. हा आकडा कुठल्याही ठरावीक चौकटीत बसत नाही, आणि बसायची गरजही नाही. उरलेली जागा प्लेअर काळी ठेवतो.

हँडब्रेक कडा आपोआप कापतं. ते अधूनमधून थोड्या फ्रेम बघून अंदाज बांधतं. रात्रीच्या वरातीचं किंवा दिवे मालवून केलेल्या औक्षणाचं शूटिंग असेल तर अंधारालाच काळी कड समजून चित्र कापलं जाऊ शकतं. आकडे स्वतः तपासा, शंका आली तर हाताने भरा.

आता आकार. नवी रुंदी आणि नवी उंची सम असायलाच हवी, कारण नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलच्या गटामागे एकदाच साठवतात. म्हणून १६:९ चं चित्र ४८० उंचीवर आणताना रुंदी ८५३.३३ येते आणि आपण ८५४ धरतो. चूक हजारात एकापेक्षाही कमी, ती चालते. पूर्वी १६ ने भाग जाणारे आकडे घ्या असं सांगत आणि लोक ८४८ × ४८० करत. आता त्याची गरज उरलेली नाही. १०८० लाही १६ ने भाग जात नाही, एच.२६४ आतल्या आत १०८८ ओळी साठवतो, जादा आठ लपवतो आणि आपल्याला १०८० दाखवतो.

एफएफएमपेग वापरणाऱ्यांसाठी दोन सापळे. स्केल फिल्टरमध्ये उंची १०८० आणि रुंदीच्या जागी उणे दोन लिहिलं की गुणोत्तर राखून सम आकडा मिळतो, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण राखलं जातं ते साठवलेल्या चौकटीचं गुणोत्तर. मुंजीची ७२० × ५७६ ची फाइल त्याने १३५० × १०८० झाली, आणि पार जुनाच राहिला. चौरस पिक्सेल हवे असतील तर रुंदीच्या सूत्रात मूळ रुंदी गुणिले पार असं लिहावं लागतं, किंवा सरळ आपण काढलेले दोन्ही आकडे द्यावेत.

दुसरा सापळा त्याहून बारीक. १९२० × १०८० ची फाइल ८५४ × ४८० केली की एफएफएमपेग डार राखण्यासाठी पारच्या जागी १२८० : १२८१ अशी नोंद करतं. चित्र ठीकच दिसतं, पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर पिक्सेल चौरस नाही म्हणून कुरकुर करतात आणि पुन्हा आकार बदलतात. म्हणून स्केलनंतर लगेच सेटसार फिल्टर लावून त्याला १ द्या. माझ्या प्रत्येक कमांडमध्ये डीइंटरलेस, क्रॉप, स्केल, सेटसार हे चार याच क्रमाने असतात. नावं अर्थातच इंग्रजी लहान लिपीत टाइप करायची.

हँडब्रेकमध्ये हेच काम डायमेन्शन्सच्या पानावर होतं. अ‍ॅनामॉर्फिकचा पर्याय 'नन' केला की चौरस पिक्सेल मिळतात. 'ऑटोमॅटिक' ठेवला तर मूळ चौकट राहते आणि फक्त चिठ्ठी लावली जाते. दोन्ही बरोबर, हेतू वेगवेगळे. डाविंची रिझॉल्व्हमध्ये आधी क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये पार भरा. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये इमेज स्केलिंग उघडा. वेगळ्या आकाराच्या क्लिपचं काय करायचं याचे चार पर्याय तिथे आहेत. 'स्केल एन्टायर इमेज टू फिट' निवडा. 'स्ट्रेच फ्रेम टू ऑल कॉर्नर्स' हा पर्याय निवडला की आपली आजी पुन्हा आडवी झालीच म्हणून समजा.

पाल चित्र १०८० पर्यंत मोठं करताना आणखी एक गोष्ट बिघडते, जिचा आकाराशी संबंध नाही तरी ती याच पायरीवर घडते. जुन्या एसडी चित्राचे रंग बीटी.६०१ या तक्त्याने साठवलेले असतात, एचडीचे बीटी.७०९ ने. उंची वाढवली आणि रंगांचं रूपांतर केलं नाही, तर प्लेअर मोठी चौकट बघून दुसराच तक्ता लावतो. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल जरा वेगळाच दिसतो, हिरवी साडीही. रंगांचं रूपांतर करून घ्या आणि फाइलवर बीटी.७०९ ची नोंद होते आहे ना ते बघा.

एन्कोडिंगबद्दल थोडक्यात. एक्स२६४, क्वालिटीचा आकडा १८, प्रीसेट 'स्लो', ८ बिट. हे टीव्हीपासून जुन्या मोबाइलपर्यंत सगळीकडे चालतं. घरच्यांसाठी मी ७६८ × ५७६ ठेवते. यूट्यूबवर टाकायचं असेल तर १४४० × १०८० करते, कारण तिथे सेकंदाला ५० फ्रेम ७२० उंचीपासून पुढेच दिसतात. आजूबाजूला काळ्या पट्ट्या आपण लावायच्या नाहीत, तिथला प्लेअर ते बघतो. आपण छापलेल्या पट्ट्या उभ्या मोबाइलवर चारी बाजूंनी काळी चौकट बनून बसतात.

उभा मोबाइल आणि मंडळाची एलईडी वॉल

मोबाइल उभा धरून घेतलेली फाइल बऱ्याचदा आत १९२० × १०८० अशी आडवीच साठवलेली असते आणि सोबत "९० अंश फिरवा" अशी नोंद असते. मीडियाइन्फोमध्ये रोटेशनची ओळ दिसते. एफएफएमपेग पुन्हा एन्कोड करताना स्वतःच चित्र फिरवतं, म्हणून तुम्ही वेगळं फिरवलंत तर दुहेरी फिरतं. आकाराचे हिशेब फिरवलेल्या चौकटीवर, म्हणजे १०८० × १९२० वर करा. आडव्या १०८० उंचीच्या पडद्यात ते बसवायचं असेल तर रुंदी ६०८. दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून भरायची पद्धत आता फार दिसते. मला काळी जागाच आवडते, नजर चित्रावर राहते.

गणेशोत्सवात मंडळांच्या एलईडी वॉलचं प्रकरण वेगळं. ती वॉल चौकोनी कॅबिनेट, म्हणजे एलईडीच्या पेट्या, जोडून बनते आणि तिचं गुणोत्तर चौकात किती जागा आहे त्यावर ठरतं. समजा आडवी सहा आणि उभी चार कॅबिनेट आहेत, प्रत्येक १२८ × १२८ पिक्सेलचं. वॉल झाली ७६८ × ५१२, म्हणजे ३:२. तिच्यावर १६:९ चा व्हिडिओ ताणून पूर्ण भरला की माणसं जवळपास साडेअठरा टक्के उंच दिसतात आणि बाप्पाचा मुकुट निमुळता होतो. इतक्या कष्टाने घडवलेल्या मूर्तीचा आकार एका बटणाने बिघडावा हे मला सहन होत नाही. ऑपरेटरला दिवस आधी फोन करून वॉलचे पिक्सेल आडवे किती, उभे किती, एवढं विचारून घ्या. फूट सांगितले तर पुन्हा पिक्सेलच विचारा. मग दोन मार्ग. पूर्ण चित्र दाखवायचं तर ७६८ × ४३२ करून वर-खाली ४०-४० पिक्सेलची काळी पट्टी. वॉल भरायचीच असेल तर १९२० × १०८० मधून मधला १६२० × १०८० भाग कापून तो ७६८ × ५१२ करा. कापताना शॉट नजरेखालून घाला. पताका किंवा ध्वज कडेला असेल तर चौकट सरकवावी लागते.

ताण छापूनच आला असेल तर

कधी मूळ कॅसेट हरवलेली असते आणि हाती फक्त ताणलेली १९२० × १०८० फाइल असते. तीही सरळ होते. मूळ ४:३ असेल तर रुंदी १४४० करा, उंची तशीच ठेवा, सेटसार १. एकदा जादा एन्कोडिंग होतं, पण माणसं परत आपल्या अंगाची दिसतात. ४:३ चं चित्र १६:९ भरण्यासाठी वरून-खालून कापलं असेल, तर डोक्यावरच्या पगड्या आणि पायाखालची रांगोळी परत येत नाही. म्हणून मूळ कॅसेट डिजिटल झाली तरी टाकून देऊ नका, आणि डीव्हीची पुन्हा न दाबलेली मूळ फाइलही ठेवा. तासाला साधारण १३ जीबी लागतात, आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने काहीच नाही.

शेवटची तपासणी तीन ठिकाणी: लॅपटॉप, मोबाइल आणि ज्या टीव्हीवर घरचे बघणार तो टीव्ही. पूर्ण फाइल एन्कोड करण्याआधी ज्यात गोल वस्तू आहे असा अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून या तिन्हीवर चालवा आणि पट्टी लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे पुन्हा दाबली जाते.

फाइलच्या नावात मी मूळ आणि नवे दोन्ही आकडे लिहिते, आणि कॅसेटच्या डबीत एक चिठ्ठी घालते. मुंजीच्या डबीत ती अशी आहे: पाल, ४:३, खालची ओळ आधी, ७०४ × ५७६ कापलं, पार १२:११, ७६८ × ५७६ केलं, मातृभोजनाचं ताट आडवं १४ सेंटिमीटर, उभं १४.